कुंपणापलीकडचं आपलं गाव

नकाशा भिंतीवर टांगला की मामा आधी त्यावरून तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "सर, कागदावर लई सोपं दिसून राहिलंय."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते शिपाई होते. सगळे त्यांना मामाच म्हणत. मूळचे उमरीकडचे, कॉलेजात येण्याआधी वीसेक वर्षं त्यांनी देशाच्या सीमेवर पहारा दिलेला. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत, तर चहा फार गोड करणारा एक अबोल माणूस, एवढंच तुमच्या लक्षात राहिलं असतं.

एकदा मी वर्गात बंगालच्या सीमेवरल्या कूचबिहारची गंमत सांगत होतो. पूर्वी तिथे बांगलादेशाच्या पोटात भारताचं गाव होतं, त्या गावात बांगलादेशाची वाडी, आणि वाडीत पुन्हा भारताचं एक शेत. मुलं हसली. मीही हसलो. मामा डस्टर घेऊन दारात उभे होते. ते हसले नाहीत.

तास संपल्यावर त्यांनी मला सांगितलं. त्यांची ड्यूटी तिथल्याच तारेच्या कुंपणाच्या फाटकावर होती. एका दुपारी पलीकडून एक बाई आली, कडेवर तापाने फणफणलेली पोर. इकडच्या दवाखान्यात जाऊ द्या म्हणत होती. तिचं गाव आपलंच, पण चहूबाजूंनी परका मुलूख. गावात ना कचेरी ना शाळा, ओळख पटवणारा कागद मिळणार कुठून? आणि कागदाशिवाय फाटक उघडायचं नाही, असा हुकूम. बाई ऊन उतरेपर्यंत उभी राहिली. मामांनी तारेतून तिला पाण्याची बाटली दिली. मग ती माघारी गेली.

दोन दिवसांनी ती पुन्हा आली. कडेवर कुणी नव्हतं. तिने रिकामी बाटली परत दिली.

"किल्ली माझ्याच खिशात होती, सर," मामा म्हणाले. "साहेबाला इचारलंसुदिक न्हाई मी."

दोन्ही देशांनी त्या गावांची आता अदलाबदल करून टाकलीय, असं मी त्यांची समजूत घालायला म्हणालो. "हाव, वाचलं मी," म्हणाले आणि कप उचलून निघून गेले.

मागच्या उन्हाळ्यात मामा वारले. मी त्यांच्या गावी भेटायला गेलो. मामींनी सतरंजी टाकली. मग हळूच म्हणाल्या, "सर, एक इचारू? झोपंत ते हिंदीत बोलायचे. 'आओ, अंदर आओ.' इतकी वर्षं. कुणाला बोलवून राहिले होते, तुमाला काई बोलले का?"

"नाही," मी म्हणालो.