गोड लागलेलं पाणी

"हिपॅटायटिस ई," डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "पाण्यातून होणारी कावीळ. एरवी माणूस विश्रांती घेऊन बरा होतो. गरोदर बाईचं तसं नसतं. शेवटच्या महिन्यांत लिव्हर अचानक काम बंद करू शकतं." मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

माझी बायको अश्विनी आठव्या महिन्यात होती. आम्ही नगरच्या एका हॉस्पिटलमध्ये होतो. राहात्याजवळच्या आमच्या कॉलनीत ग्रामपंचायतीचा नळ नाही. स्वतःची बोअर आणि स्वतःची टाकी आहे, असं मी सांगितलं.

"त्यात क्लोरीन पडतं का?"

टाकी आमच्या शेजारचे मामा सांभाळतात. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं. मी तिथूनच त्यांना फोन लावला.

"आता न्हाई टाकत ती क्लोरीनची पावडर," मामा म्हणाले. "सप्त्यात बंद केली हुती ना. तुमच्या आईच म्हनल्या, तीर्थाला दवाखान्याचा वास येतो. देवाला कसं चालंल?"

सप्ताह संपून महिना उलटला होता. कॉलनीच्या मारुती मंदिरात तो दरवर्षी बसतो. घरोघरच्या भाकरी, मोठ्या कढईत आमटी, बाहेरगावचे कीर्तनकार आणि गर्दी. गर्दीसाठी यंदा तात्पुरते संडास उभारले होते. त्यांचा खड्डा बोअरच्या शेजारी खणला, कारण मोकळी जागा तेवढीच होती. त्याच आठवड्यात पावडर थांबली. सप्ताह उठल्यावर ती पुन्हा सुरू करा, असं कोणी म्हणालं नाही. उलट सगळे म्हणत होते, पाणी कसं गोड लागतंय आता.

अश्विनीची भूक आधी गेली. मग उलट्या सुरू झाल्या. दिवस भरत आले की होतं असं, हे घरात सगळ्यांनी धरून चाललं. आई तिला सारखं बजावायची, "पानी पी गं, बाळाला लागतं." ती आज्ञाधारकपणे पीत राहिली. लघवी गडद झाली, मग डोळे पिवळे झाले, तेव्हा आम्ही निघालो.

रोज रक्त तपासत. बिलिरुबिन म्हणजे काविळीचं प्रमाण. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. दोन्ही आकडे वाढत होते. या विषाणूवर नेमकं औषध नाही, शरीराला आधार देत थांबायचं, एवढं डॉक्टरांनी स्पष्ट केलं.

मग ती मला "दादा" म्हणू लागली. दादा म्हणजे तिचा भाऊ.

"ही एन्सेफॅलोपथी," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर घाण साफ करत नाही, ती मेंदूपर्यंत जाते." तिला आयसीयूत हलवलं. बाहेर लोखंडी बाकडी होती. आई टोकाच्या बाकावर बसून राहिली.

सोनोग्राफी झाली. लेडी डॉक्टर बाहेर आल्या, मास्क खाली केला. "बाळाचे ठोके मिळत नाहीयेत. आता आईला वाचवू."

प्रसूतीत रक्त थांबेना. प्लाझ्मा, म्हणजे रक्त गोठायला मदत करणारा द्रव, त्याच्या पिशव्यांमागून पिशव्या चढवल्या. मुलगी होती. तिला मी हातात घेतलं. अश्विनी शुद्धीवर नव्हती.

त्याच सुमारास आरोग्य केंद्राचा माणूस कॉलनीत आला. त्याने नळाचं पाणी छोट्या नळीत धरलं, त्यात थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. मामा शेजारी उभे होते. पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. कॉलनीत आणखी काही जणांना कावीळ निघाली. ते सगळे घरीच बरे झाले.

अश्विनी सावकाश शुद्धीवर आली. पहिला प्रश्न तिने पोटावर हात ठेवून विचारला. उत्तर मी दिलं.

ज्यांचा प्लाझ्मा तिच्या अंगात आहे, त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. त्यांचे आणि त्या वॉर्डातल्या सिस्टरांचे आभार. घरात कोणी गरोदर असेल, तर उलट्या आणि गडद लघवी अंगावर काढू नका. पाणी स्वतःचं असेल, तर ते कोण तपासतं, ते स्वतः जाऊन विचारा.

खड्डा उपसून बुजवला. बोअर साफ करून पाणी तपासून घेतलं. मामा आता रोज पावडर टाकतात आणि नळाशी थेंबांची परीक्षा करतात. कोणीतरी कुरकुरतंच, "मामा, आज चहाला लई वास मारतोय."

"मारू द्या," मामा म्हणतात. "नाक धरून प्या."

आई सकाळी पूजा उरकते. त्याच पाण्याचं तीर्थ घेते. मग पेला भरते, नाकाशी नेते आणि अश्विनीच्या खोलीच्या दारात थांबते.

"येतोय का वास?" अश्विनी विचारते.

"येतोय," आई म्हणते. मगच अश्विनी हात पुढे करते.