मनगटाखालची उशी

नाडी बघताना पेशंटच्या मनगटाखाली ठेवायची छोटी उशी काल सरांनी स्वतःच्या हाताखाली घेतली आणि मला म्हणाले, "आज तू बघ." आयुष्यभर ताओचं चिनी तत्त्वज्ञान शिकवत, सुया टोचून लोकांची दुखणी हलकी करणारा तो हात आता नुसती हाडं उरलाय. मी तीन बोटं ठेवली. गळक्या छपरातून पाणी ठिबकावं तशी नाडी लागत होती. एक थेंब, मग बराच वेळ काहीच नाही. पाण्यासारखं वाहत राहावं, हे त्यांनीच शिकवलेलं. पाणी संपत आलं की काय करायचं, ते मात्र कधी शिकवलं नाही.

"छान आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी हळूच बाही खाली ओढली. अशी नाडी लागली की पेशंटला एवढंच सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं होतं.