मुदत संपलेले चार डबे

काकांच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले चार डबे होते. सोळा एमएमची काळी-पांढरी फिल्म, मुदत संपून वीस वर्षं झालेली. एवढ्या काळात काकूंनी दोन फ्रिज बदलले, पण डबे प्रत्येक वेळी नव्या फ्रिजमध्ये राहायला गेले. ‘यंदा टाकूनच देते’ असं काकू दर दिवाळीला म्हणायच्या आणि पुसून परत ठेवायच्या.

काका माझे सख्खे काका नव्हेत. त्यांचा नाशकात फोटो स्टुडिओ होता आणि कॉलेजात मन न लागल्यामुळे मी तिथे जाऊन बसायला लागलो, ते कॅमेरा धरायला शिकूनच बाहेर पडलो. स्टुडिओच्या आधी काकांनी सरकारी माहितीपट शूट केले होते, एकट्याने, खांद्यावर बॅग टाकून. तेव्हाचा चावीचा कॅमेरा त्यांनी जपून ठेवला होता. एकदा चावी दिली की पंचवीस-सव्वीस सेकंद चालतो, मग पुन्हा चावी. मी आता लग्नांचं शूटिंग करतो. मोठा स्क्रीन लावतो, नवरदेवाच्या मामांनासुद्धा तिथल्या तिथे दाखवतो. स्वतःची एक शॉर्ट फिल्म करायचं बरेच दिवस मनात होतं, पण ती त्या फ्रिजमधल्या डब्यांवर करायची, ही कल्पना माझी असणं शक्यच नव्हतं.

कल्पना काकांची. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब होत चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हळूहळू जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही. काकांनी हे मला स्टुडिओच्या जुन्या बाकावर बसून सांगितलं, वीजबिलाबद्दल सांगावं तसं. आणि पुढे म्हणाले, “तुझी फिल्म मी शूट करतो. या चार डब्यांत कळेल मी अजून कॅमेरामन आहे की नाही. नसलो तर कॅमेरा तू घेऊन जा. मी परत हात लावणार नाही.”

यावर नाही कसं म्हणायचं? मला म्हणता आलं नाही. घरी येऊन मात्र मी स्वतःवरच चिडलो. एका डब्यात जेमतेम पावणेतीन मिनिटं मावतात. रिटेकची चैन नाही. त्यात फिल्म शिळी. काकांचा हिशोब ठरलेला होता: दर दहा वर्षांच्या शिळेपणाला उजेड एक घर वाढवायचा, म्हणजे दुप्पट करायचा; आपल्याला दोन घरं. “फिल्म म्हातारी झाली की तिला जरा जास्त उजेड लागतो, बाकी काही बिघडत नाही,” ते म्हणाले. मी मान हलवली. पटलं की नाही, हे माझं मलाच कळलं नव्हतं.

दिंडोरीजवळ एका ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत शूटिंग ठरलं. गोष्ट साधी होती. पेठकडून बागेत कामाला आलेली एक बाई दुपारच्या सुट्टीत वेलींच्या सावलीत बसून घरी फोन लावत राहते आणि फोन लागत नाही. बस, एवढंच. त्यासाठी नटी आणण्यापेक्षा त्याच बागेत घडांच्या विरळणीच्या कामावर असलेल्या एका मावशींनाच विचारलं. त्या पेठकडच्याच. त्यांनी एकच अट घातली, साडी त्या स्वतः ठरवणार.

पहिला शॉट झाला तशा मावशी पदर सावरत उठल्या. “झालं? दाखवा मंग.”

“आत्ता दिसत नाही मावशी. हे मुंबईला धुवायला पाठवायचं. तीन आठवड्यांनी दिसेल.”

“म्हंजी आत काय आलंय ते तुमालाबी ठाव नाय?”

“नाही.”

“आन् बाबांना?”

“त्यांनाही नाही.”

मावशी इतक्या हसल्या की पलीकडच्या ओळीतल्या बायकाही हसायला लागल्या. खरं सांगायचं तर मलाही हसू आलं, पण ते घाबरल्यावर येतं तसलं. पंधरा वर्षं स्क्रीन बघून काम केलेला मी, त्या दिवशी दिवसभर नुसता काकांच्या पाठीकडे बघत होतो.

मी टेप बरोबर नेली होती. कॅमेऱ्यापासून मावशींच्या नाकापर्यंत अंतर मोजायचं आणि तो आकडा भिंगावर लावायचा, म्हणजे डोळ्यांवर भिस्त नको. टेप बघून काकांचा चेहरा पडला. “मी उभ्या आयुष्यात फोकस डोळ्यानं केलाय,” ते म्हणाले. “टेपनंच करायचं असेल तर मला कशाला आणलंस?” टेप मी खिशात घातली. तिथेच माझं चुकलं की त्या क्षणी तेच बरोबर होतं, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही.

दुपारी मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “दादा, राग नका मानू. बाबांना नीट दिसत नाय. मगा माझ्याशी बोलाया लागले तं त्या अँगलशी बोलत व्हते.” बागेत वेली चढवायला लोखंडी अँगल रोवलेले असतात, त्यातल्या एकाकडे त्यांनी बोट केलं.

“तुम्हाला फोन लावायचा सीन द्यायचाय, तेवढा द्या,” मी फटकन बोललो. मग लगेच वाईट वाटलं. मावशींनी मनावर घेतलं नाही. त्यांनी तो सीन असा दिला की पलीकडच्या ओळीतल्या बायकांचे हात कामावरच थांबले. फोन कानाला, नजर वेलीवरच्या एका पानावर, आणि ओठ फक्त एकदा हलले. काका कॅमेऱ्यावरून डोळा काढून म्हणाले, “हा आला. हा नक्की आला.” इतके खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. परतताना गाडीत ते शीळ घालत होते.

तीन आठवड्यांनी लॅबने फाइल पाठवली. मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि बघायला बसलो. राखाडी रंग सुंदर आले होते, उजेड बरोबर होता, दोन घरांचा हिशोब अगदी चोख. फक्त मावशी कुठेच स्पष्ट नव्हत्या. चारही डबे, पहिल्या शॉटपासून शेवटच्यापर्यंत, सगळं धूसर. मी ते तीनदा पाहिलं. मग माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, फिल्म मुदत संपलेली आहे. दोष तिच्यावर टाकता येईल. काकांचा फोन आला तेव्हा मी ‘अजून काही आलं नाही’ म्हणून ठेवून दिला.

खात्री करायला लॅबमध्ये फोन लावला. तिथले गृहस्थ फार शांतपणे बोलत होते. “फिल्मचा काही दोष नाही हो. काठावर कंपनीचे आकडे छापलेले असतात ना, ते अगदी कोरीव दिसतायत. फिल्म खराब असती तर आधी ते गेले असते. हा सरळ फोकसचा प्रश्न आहे.” आणि मग सहज विचारल्यासारखं, “आयपीस कुणाच्या डोळ्याला लावलेला होता?”

मी म्हटलं, म्हणजे?

त्यांनी समजावून सांगितलं. डोळा लावायच्या काचेला एक कडं असतं. जो शूट करणार त्याने ते आधी आपल्या नंबरप्रमाणे फिरवून ठेवायचं. मग दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही, नाहीतर शूट करणाऱ्याला काहीच धड दिसत नाही.

मी फोन ठेवला. ते कडं मी फिरवलं होतं. काका चहा प्यायला बांधावर गेले होते, तेव्हा फ्रेम कशी दिसते बघावी म्हणून मी चष्मा काढून डोळा लावला. मला अंधुक दिसलं, म्हणून जे हाताला लागलं ते स्पष्ट दिसेपर्यंत फिरवलं आणि तसंच सोडून दिलं. स्क्रीनवर पोसलेल्या माणसाला असल्या कड्याचं काय महत्त्व? पण हे मी केलं कधी? पहिल्या डब्याच्या आधीच्या चहाला, की दुपारच्या? दुपारच्या असेल तर सकाळचे डबे काकांच्या डोळ्यांनी बिघडले. सकाळच्या असेल तर सगळे मी. चहा दोन्ही वेळा त्याच बांधावर झाला होता, त्याच थर्मासमधून. मला आठवेना. आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. ठरवून गेलो होतो की फिल्म शिळी निघाली म्हणून सांगायचं. मी “काका, फिल्म...” एवढंच म्हणालो.

“काठावरचे आकडे कसे आहेत?” त्यांनी विचारलं.

“स्पष्ट आहेत,” मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, “मला दिवसभर धूसरच दिसत होतं. वाटलं, डोळे एका दिवसात एवढे उतरले. तुझा दिवस वाया जाऊ नये म्हणून बोललो नाही, गाडीत शीळसुद्धा घातली. अंदाजानं फोकस करत गेलो.”

तेव्हा मी सगळं सांगितलं. कडं, चष्मा, चहा, लॅबवाले गृहस्थ, सगळं. धूसर दिसत होतं ते माझ्यामुळे असेल, नवी फिल्म मी आणतो, पुन्हा बागेत जाऊ, मी कॅमेऱ्याच्या जवळही येणार नाही, असं भडाभडा बोलत सुटलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते हसले, अगदी प्रेमाने. माझ्या पाठीवर हात ठेवला.

“अरे, माझ्यासाठी एवढं रचून सांगायची काय गरज होती?”

“काका, शपथ घेऊन सांगतो.”

“शपथ कशाला घेतोस? मी काय लहान आहे?” ते उठले. कपाट चाचपून उघडलं आणि कॅमेरा काढून माझ्या मांडीवर ठेवला. “कडं आता तुझ्या डोळ्याला लाव. लाव, माझ्यासमोर लाव.”

मी चष्मा काढला आणि डोळा लावला. खिडकीबाहेर काकू दोरीवरचे कपडे काढत असाव्यात. मी कडं एकीकडे फिरवलं, दुसरीकडे फिरवलं. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं आणि मला काकू दिसत नव्हत्या, दोरी दिसत नव्हती, काहीच दिसत नव्हतं.

“दिसतंय का स्वच्छ?” काकांनी विचारलं.

“दिसतंय,” मी म्हणालो.

ते मात्र त्यांना लगेच खरं वाटलं.