कुलूपबंद गावातली रेंज

सकाळी नागपूरच्या मनीषनगरातून निघताना मी शेजारणीला सांगितलं, "संध्याकाळपर्यंत येते, एक गाव बघायचंय." तिने विचारलं, "काय आहे तिथे? देऊळ?" मी म्हटलं, "आकडा आहे." तिने माझ्याकडे नेहमीच्या कीवेने पाहिलं आणि दार लावून घेतलं.

माझं कामच तसं आहे. विकसनशील देशांत इंटरनेट किती लोकांपर्यंत पोचलं याची आम्ही तुलना करतो आणि ती करता करता माझा स्वभाव संशयी झालाय. आकडा चांगला दिसला की मला आधी तो खोटा वाटतो. नैरोबीत एका दुकानदाराने माझ्यासमोर खिशातून सिमांची पुडीच काढली होती. एक बोलायला स्वस्त, एक इंटरनेटला, एक पैसे पाठवायला. तक्त्यात तो एकटा माणूस घोळका होऊन बसलेला. उलट नेपाळच्या डोंगरात एका फोनवर अख्खी आळी बोलायची आणि तक्त्यात ती सगळी आळी मिळून एक. या दोन देशांच्या जोडण्या शेजारी मांडायच्या आणि कोण पुढे ते ठरवायचं, म्हणजे दाराबाहेरच्या चपला मोजून पंगतीत किती जेवले ते सांगण्यातला प्रकार. तरी आम्ही तो करतो, कारण चपला मोजता येतात.

यंदा आमच्याच जिल्ह्याची टॉवरनिहाय माहिती हाती आली आणि उमरेडच्या पुढच्या एका चिमुकल्या गावाने मला बुचकळ्यात टाकलं. माणशी इंटरनेटचा वापर आमच्या मनीषनगरपेक्षा जास्त! तोही सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा. माणसं जेवतात, झोपतात, शेतात जातात, वापर वरखाली होतो. इथे तो हलतच नव्हता. माझा सहकारी निखिल म्हणाला, "मॅडम, हा आकडा चुकीचा आहे. कंपनीला कळवून टाकू." आम्ही चूक म्हणून कळवलेल्या ठिकाणी कंपनी तपासायला माणूस पाठवते. मी म्हटलं, थांब, परदेशात अशा आकड्यांमागे मी डोंगर चढलेय, इथे तर एसटीने जायचंय.

स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. (तर्री म्हणजे चण्याचा जाळ रस्सा. नागपूरकर तो पोह्यांवर ओततात आणि निम्मा कपड्यांवर.) माझ्या पांढऱ्या ओढणीवर लाल नकाशा उमटला. तशीच बसमध्ये बसले. एप्रिलचं ऊन खिडकीतून मांडीवर पडत होतं. उमरेडला बस बदलली. पुढे पळस, मोकळी रानं, कोरडे नाले. एका फाट्याशी कंडक्टरने घंटी मारली.

"मॅडम, इथी कोनी चढत नाही, कोनी उतरत नाही. तुमी कायले उतरून राहिल्या?"

"गाव बघायला."

"बघा बाप्पा," तो म्हणाला. "पन एक सांगतो. साऱ्या रूटवर माह्या मोबाइलले इथीच सगळ्यात भारी रेंज येते."

बस गेली. कच्च्या रस्त्याने चालत मी गावात शिरले तेव्हा भर दुपार होती. आधी टॉवर दिसला, मग पंचशील झेंडा, मग कौलारू घरांची एक गल्ली. गल्लीत कुत्रंही नव्हतं. पण गाव बोलत होतं. डावीकडच्या घरात कोणीतरी भाजीला फोडणी कशी द्यायची ते सांगत होतं. पुढच्या घरातून कार्टूनचा किलबिलाट, पलीकडून बुद्धवंदना, त्याच्या पलीकडे कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल एक गंभीर पुरुषी आवाज. मला हायसं वाटलं. चला, माणसं आहेत, उन्हाची आत बसलीत, आणि घरोघरी मोबाइल. आकडा खरा निघाला म्हणून थोडी खट्टूही झाले.

एका दारासमोर उभी राहून मी हाक मारली, "कोणी आहे का घरात? पाणी मिळेल का?"

आतून बाईचा आवाज आला, "आले हं, आले!"

मी थांबले. कोणी आलं नाही. मग कडी वाजवायला हात पुढे केला, तर कडीला कुलूप होतं. बाहेरून. गंज चढलेलं, चांगलं मुठीएवढं.

शेजारच्या दाराला कुलूप. त्याच्या पुढच्या दाराला कुलूप. कार्टूनच्या घराच्या उंबऱ्यावर पाचोळ्याचा ढीग साचलेला आणि आत एक पोर खदखदून हसत होतं. ते हसू संपलं आणि थोड्या वेळाने पुन्हा तसंच्या तसं सुरू झालं. मी भुतांवर विश्वास ठेवत नाही, पण त्या उन्हात मी दोन पावलं मागे सरले. परत फाट्यावर पळावं असं फार वाटलं. पण पुढची बस कधी येईल याचा भरवसा नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. नऊवारी नेसलेली, कंबरेला किल्ल्यांचा झुबका. मला बघून ती दचकली नाही, मीच दचकले.

"टावरवाल्या हाय का तुमी?" तिने विचारलं.

"नाही. मी नागपूरहून आले. मनीषनगरहून."

"मंग या. उन्हात काहून उभ्या राहिल्या? चक्कर येईन न वं बाई."

तिचं नाव शेवंताबाई. तिने माठातलं पाणी दिलं, मग न विचारता दोघींची ताटं वाढली. ज्वारीची भाकर, कांदा आणि तक्कू. (किसलेल्या कैरीत गूळ-तिखट घालून वर फोडणी द्यायची की झाला तक्कू.) इतका चांगला तक्कू मी कित्येक वर्षांत खाल्ला नव्हता. भीतीने भूक जाते म्हणतात, माझी वाढली.

गाव रिकामं कसं झालं ते तिने जेवतानाच सांगितलं. विहिरी आटल्या, काम राहिलं नाही, एकेक घर नागपूरला नाहीतर मौद्याकडे गेलं. जाताना प्रत्येकाने किल्ली हिच्याकडे दिली. इकडची रीतच आहे. बंद घरात कोणी ना कोणी सांजेला दिवा लावावा, नाहीतर घराला वाटतं आपल्याला टाकून दिलं. पहिल्यांदा ती फक्त दिवाच लावायची.

"अन् हे फोन?"

तिने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "माहा पोट्टा गौतम बोअर खोदाच्या गाडीवर गेला तिकडे दक्षिणेत. त्याचा मोबाइल हरपला. मंग एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवरून त्यानं शेजारच्या सुमनच्या नंबरवर लावला. मी वावरात होती. सुमननं सांगतलं, मंग लाव, माय घरी नाही. हाव म्हने." तिने ताटाकडे पाहिलं. "मंग नाही लावला त्यानं. त्या नंबरवर आमी लावून पाह्यला, तर तो बंद. पोलिसात बी देल्लं सांगून."

"पण तुमचा नंबर आहे ना त्याच्याकडे?"

"माहा नंबर त्याले पाठ कुठं व्हता, ताई! पोट्ट्याले कोनाचा नंबर ध्यानात राहीन, काय सांगावं? सुमनचा राह्यला. पाटलाचा राहीन, मास्तरचा राहीन. म्हनून साऱ्याइले म्हटलं, जुना मोबाइल घरात ठेवून जा, नंबर मरू देऊ नका. भायेरून रिचार्ज मारतात बिचारे."

मी म्हटलं, सगळे फोन एका टोपलीत घालून जवळ का नाही ठेवत? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अमंगळ बोलले. "ज्याचा दिवा त्याच्या घरात. दुसऱ्याच्या घरी लावते का कोनी?"

मग उमरेडला जाऊन राहा की, मी म्हटलं. रेंज तिथेही आहे.

"अन् फोन न लावता तो सरका (सरळ) घरीच आला तर?"

 व्हिडिओंचा उलगडा पुढे झाला. टॉवरवाले येऊन सांगून गेले होते की इथे वापरायला माणसं नाहीत, तर टॉवर कशाला ठेवायचा? तेव्हापासून ती रोज सकाळी किल्ल्या घेऊन निघते आणि घरोघरी फोन चालू करून देते. ज्या घराला जे आवडायचं ते लावते. माझ्या तक्त्यातली ती न हलणारी रेघ म्हणजे ही बाई.

"इतक्या आवाजात फोन वाजला तर तुम्हाला कळतं कसं?"

"वाजाच्या आंधी चूप होते न घर," ती म्हणाली. "मी तेच ऐकत राहतो."

बोलता बोलताच तिचा घास हातात राहिला. मला काही कळलं नाही. मग कळलं, पलीकडची बुद्धवंदना थांबली होती. शेवंताबाई उठली आणि त्या वयात पळाली. मी मागे. कुलूप निघेना, किल्ली घसरली, आत रिंग वाजतच होती. अंधाऱ्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे एका कोनाड्यात फोन उजळला होता. तिने तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

रेकॉर्ड केलेली बाई कसली तरी नवी योजना सांगत होती. मला बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. शेवंताबाईने ती शेवटपर्यंत ऐकली, मग फोन जागेवर ठेवून वंदना पुन्हा लावली. तिचा ऊर धपापत होता. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

निघताना ती म्हणाली, "ताई, एखादा जुना मोबाइल पडून असन तर देऊन जा न. तेवढाच टावरले आधार." रेंज तपासायला मी एक जास्तीचा फोन पर्समध्ये बाळगते. तो दिला. इथे माझं घर नाही म्हटलं तर तिने गोठ्याशेजारची खोली उघडली. "हे तुमचं. काय लावू? तुमच्या घराले काय आवडते?"

माझं घर गेली काही वर्षं काहीच ऐकत नाही. नवरा होता तोवर क्रिकेटची जुनी कॉमेंट्री चालायची आणि मी वैतागायची. मी कॉमेंट्री लावायला सांगितली. गल्लीतून परत जाताना इतर आवाजांत तीही मिसळली आणि मी मागे वळून पाहिलं नाही. बस लवकर मिळाली.

दुसऱ्या दिवशी निखिलने विचारलं, "मग, चूक म्हणून कळवू ना?" सिमांना माणसं समजतात म्हणून परक्या देशांतल्या लोकांशी मी तासन् तास भांडले आहे. मी म्हटलं, "राहू दे. वापर खरा आहे." अहवालात ते गाव आता उत्तम जोडलेलं म्हणून छापलं जाईल. हे चुकीचं आहे, मला ठाऊक आहे. नैरोबीचा दुकानदार, नेपाळची आळी, ज्यांच्यापुढे मी फक्त बरोबर की चूक एवढंच लिहिलं, त्या आकड्यांमागे कोण कोणासाठी काय चालू ठेवून बसलं होतं ते मी विचारलं नव्हतं.

रविवारी दुपारी घरात करमेना. गोठ्याशेजारच्या त्या खोलीत सगळं ठीक आहे ना बघावं म्हणून मी सहज तिथल्या माझ्या फोनचा नंबर लावला. बराच वेळ रिंग गेली. मी ठेवणार इतक्यात उचलला गेला. आधी नुसती धाप ऐकू आली.

"गौतम? तूच हाय न गा? बोल न बापू, माय बोलून राहिली."

हा नंबर तिच्या पोराला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तिलाही ते कळत होतं.  मी म्हटलं, "शेवंताबाई, मी आहे. मनीषनगरची."

पलीकडची धाप ओसरली. मग अगदी मायेने, "हाव, ताई. जेवल्या का?"

"जेवले."

"बरं. ठेवू का मंग? तुमच्याशी बोलताना बाकीचे घरं ऐकू नाही येत मले."

मी घाईघाईने फोन ठेवला. त्यानंतर तो नंबर मी कधी लावलेला नाही. दर महिन्याला रिचार्ज तेवढा करते.