पुठ्ठ्यातली पलटण

आमच्या ह्यांच्या मामांना सगळे खळमामा म्हणतात. बाइंडिंगचं काम करणाऱ्याच्या बोटांना खळ लागायचीच, पण मामांच्या बोटांवरून ती कधी गेलीच नाही. जेवायला बसले तरी नखांच्या कडेला पांढरी पापुद्री दिसायची. सासूबाई म्हणायच्या, "माझा भाऊ भिंतीला टेकून बसला, तर उठताना भिंत घेऊन उठेल." मामांनी लग्न केलं नाही. दुकान बंद केल्यावर ते आमच्याकडे राहायला आले, ते कपड्यांची एक पिशवी आणि हत्यारांची दोन खोकी घेऊन. आता ब्याऐंशीचे आहेत. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीत सांडतो. सांडला की म्हणतात, "बशीलाही हक्क आहे, सूनबाई."

रोज दुपारी मी वहीत चार ओळी लिहिते. या आठवड्यात त्या सगळ्या मामांच्याच झाल्या. म्हणून इथे सलग लिहून काढते आहे.

सोमवारी एक मुलगी मामांना विचारत आली. पाठीवर बॅग, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. युद्धाच्या काळात आपल्या मोठ्या इस्पितळात जखमी सैनिक आणत, त्यांच्या नोंदींच्या वह्या ती शोधत होती. कोण आला, कुठल्या पलटणीचा, जखम कुठे, पुढे काय झालं, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. इस्पितळाच्या तळघरात तीन आठवडे बसून तिने अकरा वह्या शोधल्या होत्या. बारावी नव्हती. आणि सगळ्यात मोठी लढाई झाली ते दोन महिने नेमके बाराव्या वहीत. तिथल्या एका म्हाताऱ्या शिपायाने सांगितलं, की पूर्वी एकदा तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा भिजलेली एक वही बाइंडरने रद्दी म्हणून उचलली.

"रद्दी यायची आणि जायची," मामा म्हणाले. "रद्दीला काय नाव असतं?"

"रद्दीला नसतं आजोबा, पण तिच्यात दोनशे-तीनशे माणसांची नावं होती."

मामा उठून आत गेले. आलेल्या माणसाला चहा न पाजता मामा उठलेले मी कधी पाहिले नव्हते. मीच चहा केला. मुलीने आपला फोन नंबर दिला, शुक्रवारच्या गाडीने परत जाणार म्हणून सांगितलं आणि गेली.

दोन दिवस मामा गप्प. जेवणात लक्ष नाही, पेपर घडी न मोडता तसाच. फक्त माझ्या देवाच्या कोनाड्याकडे बघत बसायचे. मला वाटलं, या वयात का होईना, भक्ती लागली. एरवी त्यांचं म्हणणं, "देवाची बाजू तू सांभाळ, पुस्तकांची मी सांभाळतो."

बुधवारी सकाळी माझी प्रार्थना संपली आणि मामा म्हणाले, "सूनबाई, ते पुस्तक जरा देतेस?"

माझं प्रार्थनेचं पुस्तक मूळचं सासूबाईंचं. त्यांच्या लग्नात मामांनीच बांधून दिलेलं. जाताना त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं, त्याला आता आठ वर्षं झाली. मामांनी त्याचा पुठ्ठा अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "यात आहेत ते."

"कोण?"

"सैनिक. युद्ध संपून काही महिने झाले होते, पुठ्ठा कुठे मिळत नव्हता. ताईचं लग्न तोंडावर आलेलं. वहीचे सात-सात कागद खळीने एकावर एक चिकटवले, दाबून वाळवले, झाला पुठ्ठा. मी काही वाचलं नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "वाचलं होतं. वाचून चिकटवलं."

मी त्यांच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

"देवाचं पुस्तक आहे म्हणून तुला विचारतोय. तू नको म्हणालीस तर हा विषय इथेच संपला."

खोटं कशाला लिहू, मला द्यावंसं वाटत नव्हतं. त्या कापडावर सासूबाईंच्या अंगठ्याने एक गुळगुळीत जागा झाली आहे. रोज माझा अंगठा तिथेच जातो. मी कोनाड्यापुढे जरा वेळ बसले. देव काही बोलला नाही. तो बोलत नाही, मला वेळ देतो. मग उठून मी मुलीला फोन लावला.

ती अर्ध्या तासात धापा टाकत हजर. मामांनी आधी कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला. शाई पसरली नाही. मग ओलं फडकं, कोमट पाणी आणि त्यांची पातळ सुरी. चहाचा कप न पेलणारे ते हात सुरी धरल्यावर एकदाही हलले नाहीत. एकेक कागद असा सुटत होता, की जणू कालच चिकटवला होता. दुपारपर्यंत चौदा कागद जेवणाच्या टेबलावर, पलंगावर आणि माझ्या ताटांवर पसरले.

हे संध्याकाळी कामावरून आले आणि दारातच थबकले. "पलटण उतरलीय वाटतं आपल्याकडे. मला बसायला जागा आहे, की मीही जखमी व्हायला पाहिजे?"

"तुम्ही पायरीवर बसा. चहा तिथेच आणते," मी म्हटलं.

मुलगी भिंग घेऊन कागदांवर वाकली होती. "आजोबा, तळघरातल्या वह्यांची कसरीने चाळण केलीय. आणि यांना एक भोक नाही!"

"मोरचूद," मामा म्हणाले. "माझ्या खळीत मोरचूद असायचा. कीड तोंड लावत नाही." तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांची मान जरा ताठ झाली.

तेवढ्यात मुलीने विचारलं, "उजवीकडचा रकाना कुठे गेला?"

मामांनी जवळ जाऊन पाहिलं. "पुस्तकाच्या मापाला कापला."

"त्यातच शेवट लिहायचे. रजा दिली, दुसरीकडे पाठवला, की..." तिने बॅगेतून दोन पाकिटं काढली. "दोन घरांतून मला पत्रं आलीत. त्यांना तेवढंच हवंय."

मामांनी सुरी खाली ठेवली. "कापायचं तर डावीकडून कापता आलं असतं. नेमकं तेच कापलं मी."

मी ताटं गोळा करत होते, आणि मला आठवलं. माझ्या रोजच्या वह्याही मामाच बांधून देतात. चार-चार वह्या नुसत्या खळीने चिकटवून एक गठ्ठा करतात, तेव्हा समोर बसून मी बघते. "मामा, तुम्ही कापलेल्या पट्ट्या कधी टाकता का? पाठीला लावता ना, कापडाच्या आतून?"

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पाठ उघडली तर शिवण जाईल. पानं सुटी होतील. पुन्हा शिवणं या हातांनी जमेल, असं मी सांगू शकत नाही."

"सुटी पानं वाचता येत नाहीत का? अर्धं तर मी न बघता म्हणते."

गुरुवारी पाठ उघडली. आत एकावर एक बसवलेल्या नऊ पट्ट्या निघाल्या. कुठली कुठल्या कागदाची, ते कसं कळणार? मामांच्या जुन्या सुरीला एक खाच होती, प्रत्येक कापाला ती वेगळ्या जागी जरासा उंचवटा सोडायची. डोळे मिटून ते कडेवरून बोट फिरवत, आणि पट्टी जिथली तिथे नेऊन बसवत. मुलगी बघून घ्यायची, ओळीला ओळ जुळलेली असायची.

मग मामांनी तिला मोठ्याने वाचायला लावलं. नावं मी इथे लिहीत नाही, ती त्यांच्या घरच्यांची आहेत. नाव, पलटण, जखम आणि शेवटचा शब्द. "रजा" आलं की मामा मान हलवायचे. "मयत" आलं की कागदाच्या कडेवर बोट ठेवायचे, आणि ते उचलेपर्यंत मुलगी पुढचं नाव वाचायची नाही. ज्या दोन घरांची पत्रं होती, त्यातला एक सापडला. खांद्याला गोळी, बावन्न दिवस खाटेवर, बरा होऊन घरी. मुलीने भिंग खाली ठेवलं आणि नाक पुसलं.

दुसरा सापडला, पण त्याच्या कागदाला पट्टी नव्हती. डाव्या मांडीला जखम, इतकंच. अशा पाच कागदांचे शेवट राहिले.

शुक्रवारी मुलगी कागद घेऊन गाडीने गेली. मला वाटलं, आता मामा पुस्तक शिवायला घेतील. त्यांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, चौथ्या खेपेला मी ओवून दिला. दोन टाके घातले आणि थांबले.

"त्याच आठवड्यात गाण्याच्या बाईंची वही बांधली होती," ते म्हणाले. "उरलेल्या पट्ट्या तिथेच असणार. सूनबाई, आधी ते. मग हे. देव थांबेल ना?"

"थांबतो," मी म्हटलं. पानं सुताने बांधून कोनाड्यात ठेवली.

आज सकाळी आम्ही गेलो. बाई तर केव्हाच गेल्या, दार त्यांच्या मुलीने उघडलं. तीही सत्तरीची. मामांनी पिशवी छातीशी धरून सांगितलं, "तुमच्या आईची गाण्याची वही मी बांधली होती. ती मला उघडायची आहे. एका जखमी माणसाचं पुढे काय झालं, ते आत आहे. परत नवी बांधून देईन. तेव्हा मी नीट बांधली नव्हती."

तिने आतून वही आणली, आमच्यासमोर धरून खालीवर हलवली. "नीट नव्हती? अहो, साठ वर्षांत एक पान हललं नाही!"

आपल्या कामाचं कौतुक ऐकून मामांनी खाली बघितलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी पिशवीतून सुरी काढली आणि म्हणाले, "जरा कोमट पाणी मिळेल का?"