कुंकवाआधीची धडधड

पाहुणे नांदेडहून आले होते, मला बघायला. आमचं घर अहमदपूरला. मी लातूरला एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवते आणि रविवारी घरी येते. असाच एक रविवार. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बैठकीत गेले आणि ट्रेमधल्या बशा खडखडायला लागल्या. हात गार, तळव्यांना घाम, छातीत नुसती धडधड.

"लाजली बघा पोरगी," मुलाची आत्या म्हणाली. "म्हंजे पसंत हाय."

आमच्याकडं हे असंच असतं. पोरीचा हात थरथरला की तिनं होकार दिला, तोंडानं विचारायची गरजच काय! वडील गेल्यापासून घरात मामांचा शब्द चालतो. त्यांनी मांडीवर थाप मारली. "मग उशीर काहून? आताच कुंकू लावून टाकू." मुलाच्या आईनं पिशवीतून हिरवी साडी काढली. साडी घेऊनच आले होते, बोला! कुंकू लागलं की ठरलंच, आणि त्यानंतर माघार घेणाऱ्या पोरीबद्दल लोक काय काय बोलतात ते मी ऐकत आलेय.

खरं सांगते, मुलगा मला आवडला होता. सावळा, हसताना डोळे बारीक करणारा, नांदेडला मोटारपंपाचं दुकान चालवणारा. पण नुकतंच मी वर्गात मूत्रपिंडावरची ती इवलीशी ग्रंथी फळ्यावर काढली होती. माणूस घाबरला की तिच्यातून रस सुटतो, काळीज पळायला लागतं, हात गार पडतात. आणि कुणी मनात भरलं तरी पुष्कळदा हेच होतं. शरीर दोन्हीला एकच गोंधळ घालतं. घाबरलेल्या माणसाला समोरचा उगाच जास्त आवडूनही जाऊ शकतो. मग यातली भीती किती आणि हा माणूस किती, मला कसं कळावं? प्रश्न सगळ्या जन्माचा होता आणि पुरावा काय, तर खडखडणाऱ्या बशा.

मी ट्रे खाली ठेवला. "कुंकू नको," म्हणाले. "मला यांना परत भेटायचंय. लातूरला. तुम्ही कुणी नसताना."

मामांचा चेहरा लाल झाला. "काय कमी हाय पोरात?"

"काहीच नाही. पण मी घाबरलेय, मामा. ही थरथर भीतीची की पसंतीची, ते मला तपासू द्या. दोन्हीची ग्रंथी एकच असते."

"ग्रंथी!" मामा ओरडले. "इथं इज्जत चालली अन् हिला ग्रंथी सुचून राहिली!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पण मी हटले नाही. तेवढ्यात मुलगा तळवे चोळत म्हणाला, "माझेबी हात गार पडलेत. मलाबी काही कळून न्हाई राहिलं." आत्यानं त्याच्याकडं असं बघितलं की बास! साडी पिशवीत गेली, पाहुणे उठले. त्या दिवसापासून मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

तो मात्र यायला लागला, दुकानाच्या सुट्टीला, एसटीनं. बस अहमदपूरला थांबते आणि मामांचं चहाचं हॉटेल स्टँडसमोरच. हा खिडकीतून नमस्कार करायचा आणि मामा तोंड फिरवायचे.

लातूरला आम्ही मुद्दाम साध्या जागी भेटायचो. भाजी घ्यायला, माझा चष्मा दुरुस्त करायला. तो फोनवर फार मोठ्यानं बोलतो. रस्ता चुकला तरी विचारत नाही. एकदा यावरून कडाक्याचं भांडलो. वरचेवर दिसणारा चेहरा हळूहळू आपला वाटायला लागतो, हेही मला माहीत होतं, म्हणून मी स्वतःवर नजर ठेवून होते. उन्हातून आला की त्याच्या शर्टाला घामाचा वास यायचा. अंगाच्या वासाचाही आवडीशी संबंध असावा म्हणतात. मला तो वास हवासा वाटायचा, आता लाजायचं कशाला! पण धडधड बंद झाली होती. हात कोमट, नाडी संथ. मग त्या दिवशी होती ती नुसती भीतीच का? या विचारानं मी पार खचले.

पुढच्या सुट्टीला तो आलाच नाही. मी लातूरच्या स्टँडवर उभी. एकामागून एक बस लागत होती, त्याची येईना. फोन बंद. आणि हात गार पडायला लागले. छाती अशी धडधडली की मी खांबाला धरलं. हीसुद्धा भीतीच होती. पण टक लावून बसलेल्या पाहुण्यांची नव्हे. त्याला काही झालं तर, याची.

मी सरळ मामांना फोन लावला. पहिल्यांदाच, त्या रविवारनंतर.

"मामा, नांदेडची बस आली का हो तिथं?"

"बंद पडलीय स्टँडात," मामा म्हणाले. "तुझा ग्रंथीवाला इथंच हाय. फोन चार्जिंगला लावलाय अन् माझ्या हॉटेलात चहा पिऊन राहिलाय."

मी तिथंच फरशीवर बसले. हुंदका आला तो आलाच.

"मामा," मी म्हणाले, "त्यांच्या घरी सांगा. ती साडी घेऊन या म्हणावं."



"अन् तपासायचं व्हतं त्याचं काय?"

"तपासलं, मामा. आत्ताच."