बाहेरचा बाक

अर्धी दाढी झाली होती, उरलेल्या अर्ध्या गालावर साबण होता, आणि जग्गू टांगेवाला अंगणात येऊन उभा राहिला. "भैया, पाद्रीबाबा नहीं रहे." मी तसाच धावत सुटलो. अख्खा चेरीताल मोहल्ला वाटेत भेटला, पण माझ्या त्या ध्यानाला एकही माणूस हसला नाही. हसले असते ते एकटे पाद्रीबाबाच, आमचे योहानराव. "काहून भाऊ, उरलेली दाढी उद्यासाठी ठेवून राहिले का?"... त्यांना गेल्याला आता दीड महिना झाला.

योहानराव सोनटक्के नागपूरकडचे. प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळीची नवी शाखा उघडायला ते आमच्या मोहल्ल्यात आले, आणि त्यांना जागा मिळाली ती जग्गूच्या जुन्या तबेल्याची. भिंतींना चुना दिला, सहा बाक मांडले, तरी हवा दमट झाली की घोड्याचा वास यायचाच. उपासनेला माणसं अकरा, त्यांतली चार पाद्रीबाबांच्या घरची. शेजारीपाजारी तिथून जाताना मान दुसरीकडे वळवत. आत डोकावला तो पहिल्यांदा जग्गूचा घोडा! त्याचं माहेरच ते. रविवारी टांगा दारापुढे आला की तो थबके, मान आत घाली आणि गाणी संपेपर्यंत तसूभर हलत नसे. जग्गू खाली उतरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. शेवटी योहानरावांनी आतला एक बाक उचलून बाहेर कडुनिंबाखाली आणून ठेवला. "जग्गूभाई, वो तो सुनेगा. आप तब तक बैठिए."

जग्गू बसला म्हणून पानवाला बसला. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, कमानिया गेटच्या बाजारातून भाजी घेऊन येताना दम लागला म्हणून बसले, ते दर रविवारी दम लागू लागला. अण्णा सोवळ्यातले. त्यांना पाद्रीबाबांच्या घरचा चहा चालत नसे, भुईमुगाच्या शेंगा चालत. योहानरावांनी पहिल्याच दिवशी हे ओळखलं आणि चहाचं नावही न काढता खिसे भरून शेंगा आणल्या. उपासना आटोपली की ते बाकाच्या दाराकडच्या टोकाला येऊन बसत. मग कुणाच्या पोरीचं स्थळ, कुणाच्या नळाचं पाणी, आणि अण्णांशी कडाक्याचं भांडण. "पाद्रीबुवा, तुमच्या देवळात पाऊल टाकणार नाही हो मी!" "नका टाकू ना अण्णासाहेब. शेंगा तर इकडेच आहेत."

दोन वर्षांनी नागपूरहून मंडळीचे वडील यायचे ठरले. त्यांच्यात बिशप नाही, निवडून दिलेले वडील, म्हणजे ज्येष्ठ मंडळी, कारभार बघतात. मोहल्ल्यात काम रुजलं नसेल तर शाखा बंद आणि योहानरावांची बदली. ते स्वतः अवाक्षर बोलले नाहीत, जग्गूनेच बातमी फोडली. अण्णा कितीतरी वेळ एकच शेंग सोलत होते...

त्या रविवारी दोन काळे कोटवाले वडील पुढे बसले होते. पहिलं गीत सुरू झालं आणि दारात खडखडाट झाला. अण्णा, जग्गू, पानवाला आणि मी असे चौघे जण बाक उचलून आत शिरत होतो! मागच्या भिंतीशी बाक टेकवून अण्णा त्यावर ताठ बसले. "मी देवळात आलो नाही," ते माझ्या कानात म्हणाले, पण ऐकलं सगळ्यांनी. "मी माझ्या बाकावर बसलोय." दारातून घोडा फुरफुरला.

वडील खूश. उपासनेनंतर थोरल्यांनी विचारलं, "हे सगळे मंडळीत येऊन राहिले का?"

एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. योहानराव म्हणाले, "नाही जी. हे शेजारी आहेत. मी जाऊ नये म्हणून आले. बाक आता परत बाहेर जाईल."

अण्णांनी कपाळावर हात मारला. थोरले वडील उठले, बाकापाशी आले, अण्णांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग नेऊ द्या ना बाहेर. सोनटक्के इथेच राहतील." बाक बाहेर नेताना एका टोकाला तेच काळा कोट सावरत होते.

तो बाक बाहेरच राहिला. योहानराव गेले त्या दिवशी मात्र शवपेटी टेकवायला कुणीतरी तो आत नेला, आणि तो आतच राहून गेला. पुढच्या रविवारी मी अण्णांना घेऊन पोचलो, तर निंबाखालची जागा मोकळी. अण्णा आता काठीशिवाय चालत नाहीत. ते दारापर्यंत गेले, चपला काढल्या, खरं तर आत सगळे बूट घालूनच बसतात, आणि उंबरा ओलांडून आत गेले. एकटे. खाली आपला बाक नसताना.

"उचला," आतून अण्णांचा आवाज आला. "पाद्रीबुवांनी बाहेर नेतो म्हणून शब्द दिला होता."

मी, जग्गूने आणि पानवाल्याने बाक निंबाखाली ठेवला. अण्णा बसले, आणि दाराकडचं टोक मोकळं सोडून सरकले. जग्गूही सरकला.

मग अण्णा माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? शेंगा आण. आज तुझी पाळी."